श्टुटगार्टमध्ये तिसरीची एक जागा : वॉल्डॉर्फ शाळेच्या शोधाच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५

नवऱ्याची जर्मनीतील श्टुटगार्टला बदली झाल्याचे पत्र परवा हाती आले. १ ऑगस्टला रुजू व्हायचे असून मुदत तीन वर्षांची आहे. व्हिसा, सामान आणि घर यांची कामे त्याच्या कंपनीने नेमलेली मंडळी पाहणार आहेत. शाळेचा विषय मात्र त्यांच्या यादीत ‘आंतरराष्ट्रीय किंवा सरकारी’ एवढ्या एका ओळीत संपतो, म्हणून ते काम मी अंगावर घेतले आहे. नोकरीत पंधरा वर्षे प्रकल्पांच्या नोंदी ठेवत आल्यामुळे या कामाचीही वही घालते आहे.

सध्याची स्थिती अशी. लेकीचा जन्म मार्च २०१७ चा. ती पुण्यात वॉल्डॉर्फ पद्धतीच्या शाळेत दुसरीत आहे आणि जूनमध्ये तिसरीत जाईल. श्टुटगार्ट ज्यात येते त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात ३० जूनपर्यंत सहा वर्षे पूर्ण झालेले मूल त्या सप्टेंबरात पहिलीत बसते. त्या हिशेबाने ती तेथेही सप्टेंबरात तिसरीतच बसेल. वर्ष वाया जाणार नाही, ही पहिली चांगली गोष्ट.

सासऱ्यांचे म्हणणे असे पडले की, ही शाळा ज्या गावात जन्मली त्याच गावी निघाला आहात, तर शोधायचे काय? मलाही आज तसेच वाटते आहे. काम महिन्याभरात उरकेल असा अंदाज लिहून ठेवते.

१९ जानेवारी

शहराचा नकाशा आणि शाळांची यादी केली. पार्श्वभूमी थोडक्यात नोंदवते, कारण घरात सर्वांनाच ती अर्धवट ठाऊक आहे. ‘वॉल्डॉर्फ’ हे नाव कोणा शिक्षणतज्ज्ञाचे नसून सिगारेटच्या कारखान्याचे आहे. श्टुटगार्टमधील वॉल्डॉर्फ-अस्टोरिया कारखान्याचा चालक एमिल मोल्ट याने पहिल्या महायुद्धानंतर आपल्या कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढायचे ठरविले आणि तिची आखणी ऑस्ट्रियन तत्त्वचिंतक रुडॉल्फ स्टाइनर यांच्याकडे सोपविली. ७ सप्टेंबर १९१९ रोजी ऊलांडशोहे या टेकडीवर २५६ मुलांची ही शाळा सुरू झाली. नाझी राजवटीत १९३८ साली ती बंद करण्यात आली आणि १९४५ साली पुन्हा उघडली. कारखान्याचे नाव न्यूयॉर्कच्या हॉटेलावरून, हॉटेलाचे अ‍ॅस्टर घराण्यावरून, आणि त्या घराण्याचा मूळ पुरुष हायडेलबर्गजवळच्या वालडॉर्फ गावचा. पुण्यातील निम्मे संगणक अभियंते ज्या एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रणालीवर दिवसभर काम करतात, तिचे मुख्यालय याच गावात आहे, ही गंमत नवऱ्याला सांगितल्यावर त्याला या प्रकल्पात पहिल्यांदा रस वाटला.

खुद्द श्टुटगार्टमध्ये ऊलांडशोहेची मूळ शाळा, क्रेहरवाल्डची, फायहिंगेन भागातील मिखाएल बाउअर शाळा आणि झिलबरवाल्डची शाळा असे पर्याय आहेत. भोवतालच्या गावांपैकी लुडविग्सबुर्ग, एसलिंगेन, ब्योब्लिंगेन-झिंडेलफिंगेन आणि फिल्डरश्टाट येथेही शाळा आहेत. नवऱ्याचे कार्यालय शहराच्या फॉयरबाख भागात आहे. शहर खोलगट वाटीसारखे असल्यामुळे नकाशावर जवळ दिसणारी शाळा प्रत्यक्षात टेकडीच्या पलीकडे असते, म्हणून अंतर किलोमीटरऐवजी ट्रामच्या मिनिटांत मोजायचे ठरविले.

जर्मनीत ‘वॉल्डॉर्फ’ हे नाव शाळांच्या महासंघाने नोंदवून संरक्षित केलेले आहे. आपल्याकडे लाकडी खेळणी आणि रंगीत पडदे असलेली कोणतीही बालवाडी ‘वॉल्डॉर्फ-प्रेरित’ म्हणवते आणि पालकांना आत शिरून खरेखोटे करावे लागते. ती एक पायरी येथे वाचली.

पुढील नोंदींत प्रत्यक्ष अनुभव लिहायचे असल्यामुळे ज्या शाळांशी पत्रव्यवहार होईल त्यांना क, ख, ग असेच म्हणेन.

२६ जानेवारी

आपण नेमके काय शोधतो आहोत, हे लिहून काढायला नवऱ्याने सांगितले. ‘नुसते नाव हवे असेल तर आंतरराष्ट्रीय शाळा काय वाईट?’ हा त्याचा प्रश्न रास्त आहे.

उत्तरासाठी मी लेकीची वही काढून बसले. या शाळांत सकाळचे दोन तास एकच विषय तीन-चार आठवडे सलग चालतो आणि पाठ्यपुस्तक नसल्यामुळे मूल आपले पुस्तक स्वतःच्या हाताने तयार करते. दुसरीत गोष्टी असतात प्राण्यांच्या नीतिकथांच्या आणि संतांच्या. जर्मनीत तेथे असिसीचे संत फ्रान्सिस येतात, आमच्या शाळेत पंचतंत्र आणि ज्ञानदेवादी भावंडे आली. वहीच्या एका पानावर मेणाच्या ठोकळ्या रंगांनी पाठमोरे ज्ञानेश्वर काढलेले आहेत, पाठ तांबडीलाल, आणि मुक्ताई तीवर मांडे भाजते आहे. खाली लेकीच्या मोठ्या, तिरप्या अक्षरात दोन ओळी आहेत. मांडा पाठीच्या कडेवरून खाली ओघळलेला दाखवला आहे, कारण वर्गाच्या ताईंनी मांडा पोळीपेक्षा फार मोठा असतो हे हात फाकवून दाखविले होते. हे चित्र तिने कोठून उतरवून काढलेले नाही. गोष्ट ऐकली, रात्र मध्ये गेली, दुसऱ्या दिवशी मुलांनी ती आपल्या तोंडाने सांगितली आणि तिसऱ्या दिवशी चित्र आले.

तेव्हा अपेक्षांच्या पहिल्या ओळीत मी लिहिले, ‘गोष्ट सांगता येणारा शिक्षक’, आणि दुसऱ्या ओळीत, ‘तोच शिक्षक आठवीपर्यंत’. या पद्धतीत वर्गशिक्षक पहिली ते आठवी बदलत नाही, निदान बदलू नये अशी अपेक्षा असते. इमारत, बाग, सुतारशाळा, युरिदमीचे (बोल आणि संगीत हालचालींतून दाखविण्याच्या कलेचे) दालन हे सगळे त्यानंतर.

९ फेब्रुवारी

दोन आठवड्यांत सात शाळांना पत्रे पाठविली. पाच उत्तरे आली, दोन शाळांनी काही कळविले नाही. पाचांपैकी चार उत्तरे साच्यातली होती : आपल्या आस्थेबद्दल आभार, आमचा खुला दिवस अमुक तारखेला असतो, भेट द्यावी.

दोष माझ्या पत्राचा होता. दीड पानभर इंग्रजीत मी आमची शिक्षणाविषयीची श्रद्धा मांडली होती आणि ‘आपल्या शाळेत प्रवेश मिळेल का?’ असे शेवटी विचारले होते. असा प्रश्न पहिलीत येणाऱ्या मुलाच्या पालकांनी विचारावा. तिसरीच्या वर्गाबाबत शाळेकडे देण्यासारखे उत्तर नसते, कारण तो वर्ग दोन वर्षांपूर्वीच भरलेला असतो, तीच मुले तोच शिक्षक घेऊन पुढे सरकत असतात आणि एखादे कुटुंब गाव सोडून गेले तरच एक खुर्ची रिकामी होते. म्हणजे आम्ही शाळा शोधत नसून अमुक एका वर्गातील एक खुर्ची शोधतो आहोत. हे ध्यानात यायला दोन आठवडे गेले, आणि महिन्याभराचा अंदाज आजच खोडला.

नवे पत्र आठ ओळींचे आहे आणि जर्मनमध्ये आहे. नवऱ्याच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने ते तपासून दिले. त्यात मुलीचे वय, दोन वर्षे याच पद्धतीच्या शाळेत असल्याचा उल्लेख, जर्मन येत नसल्याची सरळ कबुली, आणि एकच प्रश्न : सप्टेंबर २०२५ मध्ये जो वर्ग तिसरीत जाईल त्यात जागा आहे का, किंवा होण्याचा संभव आहे का?

२ मार्च

नव्या पत्राला चार दिवसांत तीन खरी उत्तरे आली. क शाळा : वर्ग भरलेला, प्रतीक्षायादीवर नाव घालू, आशा धरू नये. ख शाळा : एक कुटुंब उन्हाळ्यात जाण्याची शक्यता आहे, बोलू. ग शाळा : जागा आहे, अर्ज भरावा.

ख शाळेशी पहिला संवाद तेथील सकाळी साडेअकराला, म्हणजे आपल्याकडे दुपारी चारला झाला. या शाळांना आपल्या अर्थाने मुख्याध्यापक नसतो. शिक्षकमंडळ आपसांत कामे वाटून घेते आणि प्रवेशाचा निर्णय दोन-तीन शिक्षकांची समिती घेते. त्यामुळे ‘वरिष्ठांशी बोलू द्या’ या आपल्या हुकमी वाक्याचा येथे उपयोग नाही.

समितीतील बाईंनी एक गोष्ट स्पष्ट केली, आणि तिच्यामुळे सगळे वेळापत्रक बदलावे लागणार आहे. मधल्या इयत्तेत येणारे मूल आधी आठवडाभर त्या वर्गात पाहुणे म्हणून बसते. शिक्षक त्याला पाहतो, वर्ग त्याला पाहतो, मूल वर्गाला पाहते, आणि मगच निर्णय होतो. कागदपत्रांवर किंवा पडद्यावरच्या मुलाखतीवर तो होत नाही. याला तेथे ‘हॉस्पिटात्सिओन’ म्हणतात. शब्द ऐकून सासूबाईंनी कोण आजारी आहे अशी काळजीने चौकशी केली.

अडचण अशी की, त्या राज्याची उन्हाळी सुटी ३१ जुलैला सुरू होऊन १३ सप्टेंबरला संपते आणि आमची तिकिटे ३० जुलैची धरलेली होती. आम्ही पोचणार त्याच दिवशी शाळेला कुलूप. नवऱ्याने रुजू होण्याची तारीख न बदलता सुटी घेऊन जुलैच्या पहिल्या आठवड्यातच निघायचे, असे रात्री ठरले. तिकिटांचा दंड भरला.

१६ मार्च

आजची नोंद लांबणार, कारण हे प्रश्न टाळून पुढे जाणे मला पटत नाही.

पुण्यात आम्ही ही पद्धत स्वीकारली ती वर्गातील काम पाहून. स्टाइनर यांचे अध्यात्मविषयक लेखन, ज्याला ते अँथ्रोपॉसॉफी म्हणत, ते मुलांना शिकविले जात नाही, पण शिक्षकांच्या प्रशिक्षणात ते असते आणि त्याचा रंग शाळेला चढतो. त्यांच्या काही व्याख्यानांत मानववंश आणि त्वचेचा रंग यांविषयी जी विधाने आहेत, ती आज वाचवत नाहीत. भारतात राहून हा विषय मी पुस्तकी समजून बाजूला ठेवू शकले होते. चौतीस गोऱ्या मुलांच्या वर्गात आपली सावळी लेक एकटी पाठवायची, तर तो पुस्तकी राहत नाही. जर्मनीतील वॉल्डॉर्फ शाळांच्या महासंघाने २००७ साली ‘श्टुटगार्ट घोषणापत्र’ काढून वंशभेदाला शाळांत थारा नसल्याचे जाहीर केले आहे. परंतु घोषणापत्र महासंघाचे असते आणि वर्गात एकच माणूस उभा असतो.

म्हणून ख आणि ग या दोन्ही शाळांच्या वर्गशिक्षकांना मी प्रश्न सरळ विचारला. ग शाळेतील गृहस्थ म्हणाले की, आमच्याकडे असे काही नसते, आणि त्यांनी विषय बदलला. ख शाळेच्या बाई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या की, ती व्याख्याने त्यांनी वाचली आहेत, ती चुकीची आहेत, आणि वर्गात कोणी काही बोलले तर मुलीने किंवा मी त्यांना त्याच दिवशी सांगावे, महिन्याच्या पालकसभेपर्यंत थांबू नये. मला हे उत्तर अधिक कामाचे वाटले. सराव असलेल्या माणसाचे ते उत्तर होते.

दुसरा प्रश्न लसीचा. या वर्तुळात लसीबद्दल नाखूष असणारे पालक इतरांपेक्षा जास्त भेटतात, हे पुण्यातही पाहिले आहे. जर्मनीत १ मार्च २०२० पासून गोवराच्या दोन लसींचा पुरावा शाळेत दाखविणे कायद्याने बंधनकारक आहे. शिक्षण सक्तीचे असल्यामुळे मुलाला वर्गाबाहेर ठेवत नाहीत, पण पालकांना २,५०० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. लेकीचे दोन्ही डोस नवव्या आणि सोळाव्या महिन्यात झालेले आहेत. लसीकरणाचे कार्ड पिवळ्या पाकिटात, दाखल्यांच्या वर ठेवले.

६ एप्रिल

फीचा विषय. ख शाळेचा तक्ता आला. फी मुलागणिक ठरलेली नाही, कुटुंबाच्या उत्पन्नाच्या पायऱ्या आहेत आणि दुसऱ्या मुलाला सवलत आहे. यामागे केवळ सद्भाव नाही. जर्मन राज्यघटनेच्या सातव्या कलमात अशी अट आहे की, खासगी शाळेमुळे मुलांची पालकांच्या ऐपतीप्रमाणे विभागणी होता कामा नये. शाळेच्या खर्चाचा मोठा भाग राज्य सरकार उचलते. फीखेरीज इमारत निधीची एकवेळची रक्कम आहे आणि वर्षाकाठी ठरावीक तास श्रमदान. नोव्हेंबरच्या बाजारासाठी मेणबत्त्या ओतणे, कुंपण रंगविणे, पुलाव शिजविणे, काहीही चालते. पुण्यात आम्ही यापेक्षा जास्त फी देत होतो, आणि तेथे एमिल मोल्टच्या कामगारांची मुले कधी बसली असती असे मला वाटत नाही.

प्रवेशपत्रात ‘धर्मशिक्षण’ असा रकाना आहे. कॅथलिक, प्रोटेस्टंट किंवा मुक्त, यांपैकी एकावर खूण करायची. तूर्त कोरा सोडून चौकशीचे पत्र लिहिले.

२७ एप्रिल

भाषेची चिंता. सरकारी शाळांत जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी पूर्वतयारीचे वर्ग असतात. वॉल्डॉर्फ शाळांत तशी सोय असेलच असे नाही, आणि ग शाळेने ती नसल्याचे कळविले.

येथे या पद्धतीचा गुणच आडवा येतो. पाठ्यपुस्तक नाही, सगळे शिक्षकाच्या तोंडून, म्हणून तर आम्ही ती निवडली. परंतु भाषा न कळणाऱ्या मुलाला घरी आणून, शब्दकोश लावून वाचायला तेथे काहीच नसते. तिसरीत वर्षभर बायबलच्या जुन्या करारातील कथा सांगितल्या जातात, त्या निसटल्या तर निसटल्याच. उलट बाजूस चित्र, विणकाम, बासरी, आकृतिरेखन, युरिदमी यांत शब्दावाचून अडत नाही, आणि सरकारी शाळेतील वर्गात ती पहिले सहा महिने फक्त भाषाच शिकेल. दोन्ही पारडी मी चार वेळा भरून पाहिली.

शिकवणी आठवड्यातून तीनदा सुरू केली आहे. एक अनपेक्षित सोय सापडली : जर्मन आकडे मराठीच्या वळणाने जातात. त्रेचाळीस म्हणजे आधी तीन, मग चाळीस. जर्मनमध्येही ‘द्राय-उंट-फिअरत्सिश’, तीन आणि चाळीस. इंग्रजी माध्यमातली आतेबहीण ज्याला अडखळते तेथे लेक सरळ चालत गेली.

२५ मे

घराविषयी एक निर्णय. सरकारी प्राथमिक शाळा राहत्या पत्त्यावरून ठरते, वॉल्डॉर्फ शाळेला हद्दीचे बंधन नाही. त्यामुळे आधी घराचा करार करण्याची घाई करू नये, फॉयरबाखला दीड महिन्याचे तात्पुरते घर घ्यावे आणि शाळा ठरल्यावर तिच्या ट्रामच्या मार्गावर घर पाहावे, असे नवऱ्याला लेखी कळविले. (शेजारच्या खोलीत. तोंडी सांगितलेले तो विसरतो.) ख शाळेने नाही म्हटले तर तात्पुरत्या पत्त्याच्या हद्दीतील सरकारी शाळा, हा दुसरा पर्याय. ग शाळेचा अर्ज मागे घेतला.

२० जून

शाळेचा दाखला आज घेतला. पालख्या पुण्यात येत असल्याने रस्ते बंद होते, शेवटचा टप्पा चालत गेलो. ताईंनी दोन पानांचे पत्र दिले आहे : लेकीला काय येते याच्यापेक्षा ती कशाला घाबरते, कशाने खुलते, चिडली तर किती वेळ एकटी सोडावी, हे त्यात लिहिले आहे. गुणपत्रक या शाळांत नसतेच. पत्राचे जर्मन भाषांतर नोंदणीकृत भाषांतरकाराकडून करून घेतले, तेव्हा त्याने ‘मांडे’ या शब्दासाठी फोन केला.

१३ जुलै, श्टुटगार्ट

आम्ही ३ तारखेला पोचलो. रविवारी आषाढी एकादशी होती, तात्पुरत्या घरातील विजेच्या शेगडीवर साबुदाण्याचा गोळा झाला. ७ ते ११ जुलै असा पाहुणेपणाचा आठवडा पार पडला. जे पाहिले आणि जे तिच्याकडून कळले ते क्रमाने लिहिते.

सोमवारी आठ वाजण्याच्या आधी वर्गाच्या दारात बाई उभ्या होत्या आणि प्रत्येक मुलाशी नजर भिडवून, नाव घेऊन हस्तांदोलन करीत होत्या. पुण्यातही ताई हेच करीत, फक्त तेथे मुले एकोणीस होती आणि येथे चौतीस आहेत. रांग पुढे सरकत होती तशी लेकीची माझ्या हातावरची पकड घट्ट होत गेली. मला पहिल्या दिवशी मागच्या बाकावर बसण्याची परवानगी होती. सगळी मुले उभी राहिली आणि त्यांनी सकाळची प्रार्थना म्हटली. शब्द जर्मन, पण चाल आणि थांबे तेच, कारण ही स्टाइनर यांचीच प्रार्थना आहे आणि पुण्यात ती मराठी अनुवादात म्हटली जाते. लेकीने मान वळवून माझ्याकडे पाहिले. ओठ हलत होते. ती मराठीत म्हणत होती.

मग पाढे सुरू झाले. सुटीपूर्वीचे शेवटचे आठवडे गणिताचे होते. मुले गोल उभी राहून दाण्यांनी भरलेली कापडी पिशवी एकमेकांकडे टाकीत, पाय आपटीत तीनचा पाढा म्हणत होती. पिशवी तिच्याकडे आली आणि ती थबकली. बाईंनी हाताने खूण केली, तुझ्या भाषेत म्हण. ‘तीन एके तीन, तीन दुणे सहा’ हे तिने शाळेत नव्हे, आजोबांच्या मांडीवर पाठ केलेले आहे, आणि त्याला स्वतःचा ठेका आहे. ‘तीन त्रिक नऊ’पर्यंत पोचेतो दोन-तीन मुलांचे पाय त्या ठेक्यावर पडू लागले. ‘तीन दाहे तीस’ला हशा पिकला, तो चेष्टेचा नव्हता, ‘दाहे’ हा आवाज त्यांना आवडला होता. मधल्या सुटीत एक मुलगा ‘दाहे, दाहे’ करीत अंगणभर धावला.

सगळे असे झाले नाही. मंगळवारी गोष्टीच्या वेळी तिला काही कळले नाही आणि ती खिडकीबाहेर पाहत बसली. बुधवारी दोन मुलींनी तिच्या डब्यातील थेपल्याकडे पाहून नाक मुरडले. मी ते बाईंना त्याच दिवशी सांगितले, सांगितल्याप्रमाणे. गुरुवारी सकाळी जायचे नाही म्हणून रडली. इंग्रजीच्या तासाला मात्र शिक्षिकेने विचारलेल्या पहिल्या प्रश्नाला तिने पूर्ण वाक्यात उत्तर दिले, तेव्हा सगळा वर्ग मागे वळला. येथे पहिलीपासून दोन परक्या भाषा असतात आणि त्यांतील एक आमच्या घरची निघाली.

शुक्रवारी दुपारी ट्रामने उतरताना औयगेन चौकात थांबलो. गालाटेयाच्या कारंज्यापाशी सगळे शहर पायाशी दिसते. आइसक्रीम खाता खाता लेकीने विचारले, ‘आई, त्या वर्गात माझी जागा खिडकीशी असेल का?’ मी उत्तर दिले नाही, कारण जागा आहे हेच अजून ठरलेले नव्हते.

१८ जुलै

समितीचा निर्णय आज कळला. जाणारे कुटुंब खरोखर जात आहे, जागा लेकीला. अटी दोन : जानेवारीअखेरपर्यंत हा काळ अजमावणीचा समजावा, आणि मुख्य तासानंतर आठवड्यातून दोनदा तिने शाळेतील एका निवृत्त शिक्षिकेकडे जर्मन शिकावे. धर्मशिक्षणाच्या रकान्यात ‘मुक्त’वर खूण केली. तासाला काय शिकवितात ते पाहण्यासाठी एकदा बसू देण्याची विनंती केली, ती मान्य झाली.

क शाळेला प्रतीक्षायादीतून नाव काढण्याबद्दल कळविले. सरकारी शाळेत जाऊन, मूल दुसरीकडे दाखल झाल्याचे प्रमाणपत्र पुढील आठवड्यात देतो असे सांगून आलो. गोवराचा पुरावा शाळेने पाहून नोंद केली. पुण्यातील कार्डावरचा मराठी शिक्का पाहून कार्यालयातील बाईंनी त्याची प्रत ठेवून घेतली.

घरासाठी आता शाळेच्या ट्रामच्या मार्गावरील थांबे धरून शोध सुरू. सहा आठवडे.

२१ सप्टेंबर

शाळा १५ तारखेला सुरू झाली. खिडकीशेजारची जागा मिळाली नाही.

घर शाळेपासून बावीस मिनिटांवर मिळाले, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिच्या वर्गातील निम्मी मुले ट्रामने एकटी येतात. आम्ही दिवाळीपर्यंत सोडायला जाणार आणि मग पाहणार, असा तह झाला आहे. तिला तो मान्य नाही.

गुरुवारी पालकसभा झाली. तिसरीचे वर्ष शेतीचे आणि घरबांधणीचे असते. ऑक्टोबरमध्ये मुले शाळेच्या जमिनीच्या तुकड्यावर राय हे धान्य पेरणार, पुढच्या उन्हाळ्यात कापून, मळून, दळून पाव भाजणार. दगडी जाते कोणाकडे आहे का, असे बाईंनी विचारले. मी हात वर केला आणि मग ते साताऱ्याला असल्याचे आठवले.

राहिलेली कामे : ट्रामचा पास, युरिदमीचे बूट, जर्मनच्या दोन तासांच्या वेळा, सासऱ्यांना जात्याच्या वजनाविषयी विचारणे, आणि पेरणीसाठी गमबूट, ३२ नंबर.